गुणांची पारख : अमेरिकन महाविद्यालयांच्या प्रवेशनीतीचा इतिहास

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न कानी पडतो : "गुण किती पडले?" मराठी भाषेत 'गुण' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गुणपत्रिकेवरील आकडा हा एक. आणि माणसाच्या अंगचे शील, चिकाटी व कर्तबगारी हा दुसरा. एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ सुखाने नांदत असले, तरी महाविद्यालयाच्या दाराशी आपल्याकडे पहिल्या अर्थाचीच चलती असते. परंतु ज्या कुटुंबांतील मुले-मुली बारावीनंतर थेट अमेरिकेतील महाविद्यालयांकडे अर्ज करतात, त्यांना निराळाच अनुभव येतो. तेथील अर्जात गुणांबरोबर निबंध मागतात, शिक्षकांची पत्रे मागतात, फावल्या वेळात काय करता हे विचारतात, आईवडील कोठवर शिकले हेही विचारतात. "नव्वदाहून अधिक टक्के मिळविलेल्या मुलाला हे सारे कशाला विचारावयाचे?" असे पालक म्हणतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. तो इतिहास ज्ञातिबंधू-भगिनींपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. त्यातून आपल्या स्वतःच्या व्यवहाराविषयीही काही बोध निघतो, असे आम्हांस वाटते.

आरंभ महाराष्ट्राच्याच एका कन्येपासून करू. १८८३ च्या जून महिन्यात आनंदीबाई जोशी ह्या अठरा वर्षांच्या मराठी विवाहितेने अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवले. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा होती. त्या काळी तेथे वैद्यकीय शिक्षणासाठी आधी पदवी घेण्याची अट नसे. पण पुरेशी शालेय तयारी मात्र अपेक्षित असे. आनंदीबाईंचे शिक्षण बहुतांशी घरी, पतीच्या हाताखाली झालेले. म्हणून त्यांनी त्या महिन्याच्या अखेरीस संस्थेच्या चालकांना एक पत्र लिहिले. आपली तयारी सर्व अटींना पुरी उतरणार नाही, हे त्यांनी लपविले नाही. मात्र स्नेही आणि ज्ञाती ह्यांच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता जो निश्चय आपणास येथवर घेऊन आला, तो निश्चयच पुढील कामात आपणास बराच उपयोगी पडेल, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करावी, हा हेतूही त्यांनी स्पष्ट केला. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. आणि १८८६ साली आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या.

त्या पत्रात विरोधकांमध्ये ज्ञातीचा उल्लेख आहे. एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि ते लिहिणे अवश्य आहे. ज्ञातीने अडविले आणि परक्या देशातील एका संस्थेने दार उघडले. तेही गुणपत्रिका पाहून नव्हे, तर माणूस पाहून. आकड्यापलीकडील गुण पारखण्याची रीत किती उदार असू शकते, त्याचे हे उदाहरण होय. हीच रीत किती कपटी होऊ शकते, हे पुढे दिसेलच.

अमेरिकेतील सर्वांत जुने महाविद्यालय हार्वर्ड. त्याची स्थापना १६३६ सालची. प्रारंभीच्या काळात तेथे प्रवेश मागणाऱ्या मुलाला लॅटिन ग्रंथ पूर्वतयारीवाचून वाचून समजला पाहिजे, लॅटिनमध्ये लिहिता-बोलता आले पाहिजे आणि ग्रीक भाषेची रूपे चालविता आली पाहिजेत, अशी अट होती. पुढे अंकगणितासारख्या विषयांची भर पडली. परंतु दोन-अडीचशे वर्षे दाराची खरी किल्ली म्हणजे लॅटिन आणि ग्रीक ह्या दोन भाषाच राहिल्या. ही किल्ली कोणाच्या हाती असे? ज्याच्या बापाला मुलासाठी लॅटिनचा शिक्षक ठेवणे परवडे, किंवा ज्याच्या गावी तशी शाळा असे, त्याच्या. परीक्षा सर्वांना सारखीच होती. मात्र तिची तयारी करण्याची संधी सारखी नव्हती. ज्यांच्या घराण्यांत संस्कृत पिढीजात होते आणि ज्यांच्या घराण्यांना ते निषिद्ध होते, अशा दोघांची एकाच पाठशाळेच्या दाराशी परीक्षा घ्यावी, तसा हा प्रकार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सरकारी खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळा गावोगाव निघाल्या. शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले शिकू लागली. तेव्हा मिशिगनच्या विद्यापीठाने १८७१ च्या सुमारास एक नवी वाट पाडली. विद्यापीठातील प्राध्यापकांनी शाळांची तपासणी करावयाची. शाळा चांगली ठरली, की तिच्या मुख्याध्यापकाच्या दाखल्यावर विद्यार्थ्यास परीक्षेवाचून प्रवेश द्यावयाचा. पश्चिमेकडील अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. पूर्वेकडील जुन्या महाविद्यालयांना मात्र परीक्षाच हवी होती. पण प्रत्येकाची परीक्षा निराळी असल्यामुळे शाळांची त्रेधा उडे. ती टाळण्यासाठी १९०० साली सर्वांचे मिळून एक परीक्षा मंडळ स्थापन झाले, आणि १९०१ च्या जूनमध्ये त्याच्या पहिल्या परीक्षेस ९७३ विद्यार्थी बसले. ह्या काळाचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जागांची संख्या बांधलेली नव्हती. जो परीक्षेत उतरला, त्याला सामान्यतः प्रवेश मिळे. 'पात्र' आणि 'निवडलेला' ह्यांत तेव्हा फारसे अंतर नव्हते.

हे अंतर पडले ते पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. आणि त्याचे कारण शैक्षणिक नव्हते. पूर्व युरोपातून लक्षावधी ज्यू निर्वासित अमेरिकेस येऊन न्यू यॉर्कसारख्या शहरांत वसले होते. त्यांची मुले सरकारी शाळांत शिकली, रात्रीचा दिवस करून अभ्यास करू लागली आणि परीक्षेत वरचे गुण मिळवू लागली. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. १९२२ साली ते २१ टक्क्यांच्या वर गेले. जुन्या श्रीमंत घराण्यांना आणि त्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांच्या चालकांना ह्याची धास्ती वाटू लागली. ही मुले परीक्षेत नापास होत नव्हती, हीच त्यांची अडचण होती!

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे नाव आपणांस परिचित आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर तेथेच उच्च शिक्षणासाठी गेले. स्वदेशी जातीमुळे ज्यांना शाळेत वेगळे बसावे लागले, त्यांना तेथील पदव्युत्तर वर्गांत मोकळा श्वास घेता आला. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९१९ साली, त्याच विद्यापीठाच्या पदवीपूर्व महाविद्यालयाने प्रवेशअर्जाचा नवा नमुना काढला. त्यात धर्म विचारला, वडिलांचे जन्मस्थान विचारले, छायाचित्र मागितले, आणि जोडीला मुलाखत ठेवली. एकाच संस्थेच्या एका दारी उदारता आणि दुसऱ्या दारी पहारा, असे हे दृश्य आहे.

हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल ह्यांनी १९२२ साली ज्यू विद्यार्थ्यांवर उघडच टक्केवारीची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव पुढे केला. त्यावर गदारोळ झाला. समिती नेमली गेली. आणि १९२३ साली समितीने वंश किंवा धर्म ह्यांवरून भेद करू नये, असा निर्वाळा दिला. वरवर पाहता न्यायाचा विजय झाला. पण त्याच सुमारास हार्वर्डच्या अर्जातही नवे प्रश्न आले होते. वर्ण आणि धर्म कोणता, आईचे माहेरचे नाव काय, वडील कोठे जन्मले, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? हा शेवटचा प्रश्न वाचून आपल्यापैकी अनेकांना काही आठवेल. आडनावावरून जात हुडकण्याची विद्या आपणांस कोणी शिकवावी लागत नाही. आणि आडनाव बदलणाऱ्याने ते का बदलले असावे, हेही आपण जाणतो.

१९२६ साली हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची संख्या एक हजारावर बांधली. जागा मोजक्या झाल्या, म्हणजे निवड आली. आणि निवडीची कसोटी म्हणून परीक्षेच्या जोडीला 'शील आणि व्यक्तिमत्त्व' पुढे करण्यात आले. अर्जास छायाचित्र सक्तीचे झाले. कोणत्याही नियमात ज्यू हा शब्द नव्हता. कोणाला कशासाठी नाकारले, हे सांगण्याचे बंधन कोणावर नव्हते. आदल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात २७ टक्क्यांच्या वर गेलेले ज्यूंचे प्रमाण लॉवेल १९३३ साली पायउतार होईतो पंधरा टक्क्यांच्या घरात किंवा त्याही खाली आले होते. उघड मर्यादेने जे साधले नसते, ते 'शील' ह्या सोज्ज्वळ शब्दाने बिनबोभाट साधले. निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत, खेळ, छंद ह्यांचे आजच्या प्रवेशपद्धतीतील स्थान बऱ्याच अंशी ह्या काळात पक्के झाले, हे पालकांनी जाणून घ्यावे. त्या साऱ्यांमागे केवळ दुष्ट हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. आनंदीबाईंना ज्या दृष्टीने पारखले गेले, तीही दृष्टी त्या परंपरेत आहे. पण जी खिडकी माणूस पाहण्यासाठी असते, तिच्यातूनच माणसाची जातही पाहता येते, हे विसरून चालणार नाही.

मग आकडाच बरा, असे कोणी म्हणेल. त्या आकड्याचाही इतिहास ऐकावा. महायुद्धात अमेरिकन सैन्याने लक्षावधी शिपायांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. त्या कामात असलेले प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगम ह्यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहून उत्तर युरोपातील लोक इतरांहून बुद्धीने श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला. ह्याच ब्रिगमनी परीक्षा मंडळासाठी नवी चाचणी रचली. 'एस.ए.टी.' ह्या नावाने आज आपली मुले जी परीक्षा देतात, ती प्रथम २३ जून १९२६ रोजी घेण्यात आली; आठ हजारांवर विद्यार्थी तीस बसले. पुढे १९३० साली ब्रिगमनी आपला वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष निराधार असल्याचे प्रांजळपणे मान्य केले. विद्वानाने स्वतःची चूक स्वतःच्या लेखणीने खोडावी, ही गोष्ट विरळाच!

आणखी नवल असे, की पूर्वग्रहाच्या मातीत रुजलेली ही चाचणी पुढे काही काळ गरिबांची शिडी झाली. लॉवेल ह्यांच्या मागून आलेले अध्यक्ष कोनंट ह्यांना दूरदूरच्या गावांतील हुशार पण निर्धन मुले हार्वर्डला आणावयाची होती. त्यांनी १९३४ साली शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि निवडीसाठी ह्याच चाचणीचा आधार घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळाले, महाविद्यालयांपुढे रांगा लागल्या, आणि चाचणीचा प्रसार देशभर झाला. हत्यार तेच, हात बदलला, तसे त्याचे काम बदलले.

तथापि शिडीच्या पायऱ्याही सर्वांच्या पायांना सारख्या नसतात. शिकवण्या लावणाऱ्या सधन घरांतील मुलांना चाचणीत सरासरीने अधिक गुण पडतात, हे कालांतराने दिसून आले. म्हणून निरनिराळे उपाय निघाले. कॅलिफोर्नियाने १९६० साली सबंध राज्याची योजना आखली : शालान्त विद्यार्थ्यांतील वरच्या एक-अष्टमांशास राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशास राज्य महाविद्यालये, आणि बाकी सर्वांस दोन वर्षांची स्थानिक महाविद्यालये खुली. टेक्सासने १९९७ साली कायदा केला, की राज्यातील प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के मुलांस राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश मिळावा. शाळा खेड्यातील असो की शहरातील, तुलना त्याच शाळेतील मुलांशी. ज्या मुलाला जे मिळाले, त्यातून त्याने काय केले हे पाहावे, असे ह्या कायद्यामागील तत्त्व म्हणता येईल.

कृष्णवर्णीय आणि अन्य वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना प्रवेश देताना वंशाचा विचार करावा की नाही, ह्यावर तेथील सर्वोच्च न्यायालयात पन्नास वर्षे वाद चालला. १९७८ साली न्यायालयाने ठराविक राखीव जागा अमान्य केल्या, पण अनेक बाबींपैकी एक म्हणून वंश विचारात घेण्यास मुभा दिली. २००३ साली ती मुभा कायम राहिली. २९ जून २०२३ रोजी मात्र हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना ह्यांच्या खटल्यांत ती काढून घेण्यात आली. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे विद्यार्थ्याने निबंधात लिहावे, त्यास मात्र न्यायालयाने मज्जाव केलेला नाही.

ह्या खटल्यात आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची बाजू पुढे आली होती. आणि त्यांत भारतीयांची, पर्यायाने तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलेही येतात. अभ्यासात अग्रेसर असलेल्या ह्या मुलांना 'व्यक्तिगत गुणां'च्या रकान्यात हार्वर्ड कमी लेखते, असा वादींचा आरोप होता. २०१९ साली कनिष्ठ न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे मानले नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या ज्यू मुलांची आठवण अनेकांना झाली, ती ह्यामुळेच. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट उजेडात आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना हार्वर्डमध्ये सुमारे तीनास एक ह्या प्रमाणात प्रवेश मिळत होता. एकंदर अर्जदारांचे प्रमाण शंभरास सहाच्या आसपास होते. वडिलोपार्जित वतन नावाची वस्तू आपल्याच देशात होती, असे नाही! कॅलिफोर्नियाने मात्र सप्टेंबर २०२५ पासून खासगी महाविद्यालयांतही असे झुकते माप देण्यास कायद्याने बंदी केली आहे.

आज तेथील महाविद्यालये काय पाहतात, हे आता थोडक्यात सांगता येईल. सर्वांत अधिक वजन असते ते शाळेतील शेवटच्या चार वर्षांच्या प्रगतीला. एका परीक्षेच्या निकालाला नव्हे. शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांपैकी कठीण विषय विद्यार्थ्याने घेतले की सोपे, हेही पाहतात. म्हणून नववीपासूनचे दाखले नीट जपून ठेवावेत. एस.ए.टी.सारखी चाचणी २०२० च्या महामारीत बहुतेकांनी ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती निवडीतून काढूनच टाकली, उलट एम.आय.टी.ने २०२२ साली, आणि डार्टमथ व हार्वर्ड ह्यांनी २०२४ साली ती पुन्हा आवश्यक ठरविली. सामान्य शाळेतील हुशार मूल ओळखण्यास ती उपयोगी पडते, हे त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक होते. त्यानंतर निबंध, शिक्षकांची पत्रे आणि शाळेबाहेरील उद्योग. येथे दहा मंडळांच्या सभासदत्वापेक्षा एका कामात टिकून राहणे मोलाचे ठरते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, वडिलांच्या दुकानावर बसणे, हेही अर्जात लिहावयाचे असते. आपली मुले ते लाजेने गाळतात, ही चूक होय. निबंध मात्र मुलाचा मुलानेच लिहावा. पैसे घेऊन खोटे खेळाडू आणि खोटे गुण बनविणाऱ्यांची एक टोळी तेथे २०१९ साली पकडली गेली; त्यात लब्धप्रतिष्ठित पालकांना तुरुंगवास घडला, हे ध्यानी असावे.

ह्या तीनशे-चारशे वर्षांच्या कथेतून आम्ही काय घ्यावे? आपल्याकडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, तेव्हापासून परीक्षेवरील आपली श्रद्धा चालत आली आहे, आणि ती निष्कारण नाही. उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो, आडनाव नसते. ज्या देशात आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलतो, तेथे हे केवढे संरक्षण आहे! ते आम्ही हलक्या हाताने सोडू नये. पण ज्या मुलीने गावच्या शाळेत, दिवसा घरकाम करून सत्तर टक्के मिळविले, तिचा आकडा आणि शहरात दोन शिकवण्या लावून कोणी मिळविलेला ऐंशीचा आकडा, हे दोन आकडे परस्परांशी बोलत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था दरवर्षी शिष्यवृत्त्या देतात, वसतिगृहात जागा देतात, गुणवंतांचा सत्कार करतात. तेथे तराजू आपल्याच हाती असतो. बहुधा आपण टक्केवारीची यादी लावतो आणि वरून नावे घेतो. ते सोपे असते आणि त्यावर कोणी बोट ठेवीत नाही. ते सोडून केवळ 'शील' पाहू लागलो, तर कार्यकारिणीच्या ओळखीची मुले शीलवान ठरावयास वेळ लागणार नाही. १९२६ चे हार्वर्ड आपल्याही दिवाणखान्यात उभे राहील. म्हणून आमची नम्र सूचना अशी, की आकडा पाहावा, आणि त्या आकड्यापर्यंत येण्यास मूल किती वाट चालले, हेही पाहावे. घरात पहिल्यानेच शिकणाऱ्या मुलीस त्याचे निश्चित माप द्यावे. परंतु ते माप आधी ठरवून, छापून, सर्वांस दिसेल असे लावावे, आणि नाकारलेल्यास कारण सांगावे. निवड करणाऱ्यांपुढे प्रथम नावाऐवजी क्रमांक ठेवावा. उघड्यावर टांगलेल्या तराजूत वजने कोणतीही घातली, तरी ती मोजता येतात; पडद्याआडच्या तराजूत सोनेही संशयाचेच ठरते.

आनंदीबाईंच्या वेळी ज्ञाती दारात आडवी उभी होती. आज ज्ञातीच्या हाती दाराची किल्ली आहे, निदान एका लहानशा दाराची. निकालाच्या दिवशी "गुण किती पडले?" हे अवश्य विचारावे, पण त्याच दमात दुसऱ्या अर्थाचे गुणही पाहावेत, आणि दोहोंची पारख चारचौघांत करावी. एवढे साधले, तर त्या अठरा वर्षांच्या मुलीचे आपल्या सर्वांवरील जुने ऋण अंशतः तरी फिटेल.